तानाबाईची नाहरकत

शस्त्र ज्याच्या स्वाधीन केले जाते, त्याच्या स्वाधीन शेजाऱ्यांची निर्भयताही केली जाते. परवान्यावर मोहोर उमटवताना राज्य त्या माणसाच्या विवेकावर विश्वास टाकते. आणि तो विवेक एकदा ढळला असेल, तर त्याचा डाग कोणी घेतला आणि कोणी कोणाच्या अंगावर पुसला, हा प्रश्न केवळ वर्षे लोटली म्हणून मिटत नाही. गणपतरावांच्या पश्चात त्यांच्या दुनळी बंदुकीचा वारस ठरवण्यासाठी त्यांची मुले कोल्हापुरात एकत्र आली, तेव्हा कायद्याने त्यांच्याकडे सह्या तेवढ्या मागितल्या होत्या. धर्माचे मागणे अधिक कठीण होते.

तो गणपतरावांच्या म्हाळाचा दिवस होता. रंकाळ्यापलीकडील वसाहतीत थोरल्या विश्वजितने बांधलेल्या घराच्या गच्चीवर पिंड आणि खिरीची वाटी मांडून सर्वजण मागे सरले, आणि कावळ्याने घासाला शिवायला निमिषाचाही विलंब लावला नाही.

“आबा भुकेजलं हुतं,” धाकटा पिराजी म्हणाला. “जन्मभर त्येच. पान मांडायच्या आदी पाटावर.”

“आन् तू रं?” जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या असलेल्या त्याच्या आई बायडाबाई म्हणाल्या. “तू तरी कवा थांबलास?”

गच्चीवर हसू उमटले. बाप गेल्याला वर्ष झाले होते. दुःखाची धार बोथट होऊन त्याच्या आठवणींवर हसता येण्याइतका काळ लोटला होता.

वडे, खीर, अळूची भाजी आणि गवारीची भाजी असे साग्रसंगीत जेवण झाले. पाने उचलली गेली. मग पन्हाळ्याच्या पश्चिमेकडील वाडीत वडिलोपार्जित जमीन कसणाऱ्या पिराजीने पिशवीतून प्लास्टिकची फाईल काढली आणि दिवाणखान्यातील मेजावर मोठ्या निगुतीने उघडली. वडील गेल्यावर दहाव्याच्या आधी त्याने स्वतः बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली होती, पोच घेतली होती, वर्षभरात कचेरीच्या सात खेपा केल्या होत्या. शस्त्र चालवण्याचे प्रशिक्षण घेऊन त्याचा दाखलाही आणला होता. आता अर्ज पूर्ण होता. परवाना त्याच्या नावे करण्यास आई, थोरला भाऊ आणि बहीण यांची हरकत नाही, एवढे लेखी हवे होते. आणि बुधवारी तारीख होती. वारसांत एकमत नसेल तर शस्त्राचा निर्णय सरकार घेईल, असे तेथील कारकुनाने त्याला दोनदा बजावले होते.

“आईचा अंगठा हितं,” तो बोट ठेवत म्हणाला. “दादा, तुझी सही त्येच्या खाली. आक्का, तुझी ह्या कागदावर. चा व्हायच्या आत उरकतंय बघा.”

विश्वजितने चष्मा लावला, अर्ज आरंभापासून अखेरपर्यंत वाचला, आणि चष्मा काढून ठेवला. तीस वर्षे त्याने शाळेत शिकवले होते, त्यांपैकी नऊ वर्षे मुख्याध्यापक म्हणून. कागद परत करण्याची त्याची एक पद्धत होती.

“माझा विरोध तुला नाही, पिराजी. बंदुकीला आहे.”

“बंदूक म्हंजे काय भावकीतली हाय व्हय, तिला येगळा इरोध कराया?”

“हसण्यावारी नेऊ नकोस. आपल्या देशात बंदूक बाळगणं हा कुणाचा जन्मसिद्ध हक्क नाही. सरकार कारण बघून परवानगी देतं, कारण संपलं की काढून घेतं, आणि हे योग्यच आहे. बांधावरची भांडणं आज शिव्यांवर थांबतात. घरोघरी बंदूक आली तर कशावर थांबतील?”

“कारण संपलं म्हंतूस?” पिराजी पुढे सरकला. “चैतात आमच्या हिरीवर पाच गवं हुबं हुतं. शेजारच्या मळ्यातला म्हातारा वैरणीला गेलता, त्येला उचलून फेकला. ठाणं पंचवीस किलोमीटरवर. गव्याला जाऊन सांगू काय, बाबा, तुला हक्क न्हाय आन् मला परवानगी न्हाय, चल आपुन दोघंबी आपापल्या घरला जाऊ?”

खिडकीजवळ बसलेले केरबा मोठ्याने हसले. ते आक्काचे, म्हणजे तानाबाईचे यजमान, कुरुंदवाडजवळच्या खेड्यातले. सासुरवाडीच्या वादात विनोदाला दाद द्यावी आणि बाजू कोणाचीच घेऊ नये, हे त्यांचे जुने धोरण.

“गवा मारायला कायद्यानं बंदी आहे,” विश्वजित म्हणाला.

“मारतोय कोण? वरच्या अंगाला बार काढायचा. आवाजानं जात्यात.”

“मग फटाके वाजव.”

“वाजीवलं की! आता त्यास्नी सवय झालीया. फटाका वाजला की माना वर करून बघत्यात, दिवाळी आली काय म्हणून.”

“काका, पण हवेत मारलेलं पण कुठंतरी खाली उतरतंच की,” आतून चहाचा ट्रे घेऊन येणारी अनुजा म्हणाली. विश्वजितची ही कन्या बावीस वर्षांची. शहरातील रेंजवर गेली सहा वर्षे रायफल नेमबाजी करणारी. तिच्या खांद्याची एक बाजू सरावाने किंचित उतरती झाली होती.

“ऐक,” विश्वजित म्हणाला. “ती रोज हातात धरते, तिला कळतं.”

“पप्पा, तुमच्या बाजूनं न्हाई बोलले मी. काकांना द्यावं परवाना. रानात राहतोय माणूस. मी रोज रायफल खांद्याला लावते, तवा तुम्हाला बांधावरची भांडणं आठवत न्हाईत काय? नियमात आहे म्हणून चालतंय की न्हाई? मग काकांना पण नियमात बसवा. बंदूक एका कपाटात, काडतुसं दुसऱ्यात, किल्ली तिसरीकडं. आमच्या रेंजवर रायफल टेबलावर ठेवताना ती उघडी ठेवायची आणि नळीत रंगीत पट्टी घालायची. लांबून येणाऱ्याला पण दिसलं पाहिजे, आत काही न्हाई म्हणून.”

पिराजीचा चेहरा खुलला. पुतणी आपल्या पक्षाला आली, आई तर पहिल्यापासून होतीच. आता थोरला एकटा पडला. आक्का सही करील याविषयी त्याला तिळमात्र शंका नव्हती. लहानपणी त्याला कडेवर घेऊन ती ओढ्यावर जात असे. त्याचे कोणतेच मागणे तिने आजवर मोडले नव्हते.

“आणि कशासाठी नियम, ते पण सांगते की मी नव्या पोरींना,” अनुजा सहज म्हणाली. आत्याचे यजमान म्हणून केरबांना ती मामा म्हणत असे. “मामांचीच गोष्ट सांगते. मामा, रागावू नका हां. पण पटकन पटतंय त्यांना. आमच्या मामांनी न बघता भरली, न बघता उचलली, आणि दोन बोटं गेली, असं सांगितलं की पोरी गप्प होऊन ऐकतात.”

केरबा पुन्हा हसले, पण या वेळी आवाज झाला नाही. त्यांनी डावा हात नेहमीप्रमाणे उजव्या हाताखाली घेतला.

तानाबाईने समोरचा कागद उचलला. तिची सही करावयाची पद्धत संथ होती, म्हणून पिराजीने पेनाचे टोपण काढून दिले. तिने पेन घेतले नाही. कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि तो पिराजीच्या फाईलवर ठेवला.

“मी सही करनार न्हाय.”

“बघ,” विश्वजित म्हणाला. “आक्कालासुद्धा पटलंय.”

“तुजं बी पटलं न्हाय मला, इश्वजित. तू गप बस.”

अठ्ठावन्न वर्षांची ती स्त्री त्या घरात इतक्या स्पष्ट स्वरात क्वचितच बोलली होती. पिराजीला वाटले, आपल्या हातून मानपानात काही उणे राहिले. गणपतीच्या सणाला तिला न्यायला गाडी पाठवायची राहिली होती.

“आक्का, माजं काय चुकलं?”

“चुकलं काय त्ये मला इचारतूस? तुज्या त्वांडानं सांग. खंडेनवमीला बार कुणी भरला हुता?”

चहाच्या कपांवर साय धरू लागली, पण कोणी कप उचलला नाही. अनुजा एकेकाच्या मुखाकडे पाहत राहिली. अठरा वर्षांपूर्वी ती चार वर्षांची होती, आणि या प्रश्नाचे जे उत्तर ती लहानपणापासून ऐकत आली होती, ते या शांततेत बसत नव्हते.

त्या घराण्याची एक रीत होती. खंडेनवमीला इतरांच्या घरी नांगर, कोयते, तराजू यांची पूजा होते. गणपतरावांच्या घरी त्यांच्यासोबत बंदूकही पाटावर येई. परंतु रिकामे शस्त्र पुजणे म्हणजे उपाशी पाहुण्याला ओवाळणे, अशी त्यांच्या वडिलांपासूनची धारणा. म्हणून पूजेपूर्वी दोन्ही नळ्यांत काडतुसे घालायची, झेंडूची माळ चढवायची, आणि दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघनाच्या वेळी गावच्या शिवेवर तेच बार आकाशात काढायचे. वर्षानुवर्षे हे निर्विघ्न चालले. निर्विघ्न चालल्यामुळेच ते कोणी तपासून पाहिले नाही.

त्या वर्षी पूजा आटोपली आणि गणपतराव मोठ्या प्रेमाने म्हणाले, “जावईबापू, आज शस्त्र उचलायचा मान तुमचा.” केरबांनी आधी नमस्कार केला. मग डावा हात नळीच्या तोंडाशी आणि उजवा खाली धरून बंदूक उचलली. माळेचा दोरा जुन्या बंदुकीच्या घोड्याला अडकला होता. घोडा मागे ताणला गेला आणि सुटला.

करंगळी आणि अनामिका गेली. केरबा त्यांच्या गावच्या भजनात पखवाज वाजवत. त्या रात्रीपासून तो पुतण्याकडे गेला.

“आबानं सांगितलं, मी भरला,” पिराजी अखेर म्हणाला. त्याची मान खाली होती. “हे सगळ्यास्नीच ठावं हाय, आक्का.”

“मला न्हाई ठाऊक,” अनुजा म्हणाली. “मला सांगितलंय, मामांनी स्वतः भरली. आजोबा देवळात गेलते, तवा कुणाला न विचारता.”

“त्ये कागदावर हाय,” तानाबाई म्हणाली. “तसा जबाब हाय. दवाखान्यात ह्यांनी सही केली त्यावर, गुंगीत. आन् लिवला कुणी त्यो जबाब? अक्षर लई सुरेख हाय. मी जपून ठिवलीया त्येची नक्कल.”

विश्वजितने मेजावरचा चष्मा उचलला आणि पुसू लागला.

त्याच्या मनात ती संध्याकाळ पुन्हा उभी राहिली. सरकारी दवाखान्याची पायरी, बापाचा कोसळलेला चेहरा, “माझा परवाना जाईल, घराण्याची अब्रू जाईल,” हे वारंवार पुटपुटणे. त्या वेळी तो तरुण शिक्षक होता, आणि कुटुंबात नेटके लिहिता येणारा एकटाच. दोन पानांत त्याने सर्वांना वाचवले होते; एकाला वगळून. आज तो बंदुकीविरुद्ध बोलत होता ते खोटे नव्हते. त्या संध्याकाळपासून त्याला शस्त्राची खरोखर घृणा वाटत आली होती. परंतु त्या घृणेला एक सोयीचे टोकही होते, हे त्याला आता, सगळ्यांसमोर, प्रथमच दिसले. बंदूक सरकारजमा झाली असती तर तिच्याबरोबर तिचा इतिहासही गेला असता.

आणि जेव्हा माणसाला स्वतःचे असे काही दिसते, तेव्हा तो प्रथम पळवाट शोधतो. विश्वजितही त्याला अपवाद ठरला नाही.

“हे बघा, आज आबांचा म्हाळ आहे,” तो म्हणाला. “जुनं उकरायचा हा दिवस नाही. पिराजी, आण तो कागद. मी करतो सही.”

पिराजी थक्क झाला. “आता करतूस? अर्ध्या तासापूर्वी देश बुडत हुता की!”

“आक्का, तूही कर. आपल्यातच मिटवू.”

“बघितलंस काय, अनु?” तानाबाई भाचीला म्हणाली. “तुजा बाप किती झटक्यात बंदुकीच्या बाजूचा झाला?”

अनुजा वडिलांकडे पाहत होती. त्या दृष्टीत राग नव्हता. नेम चुकल्यावर लक्ष्यपत्र जवळ आणून छिद्र कुठे पडले ते पाहावे, तशी ती पाहत होती. “पप्पा,” ती हळू म्हणाली, “मी तीस-चाळीस पोरींना ती गोष्ट सांगितलीय.”

आता केरबांना बोलणे भाग पडले. ते उठून पत्नीजवळ आले.

“तानाबाई, पुरं. मी राजीखुशीनं केलंय. म्हाताऱ्यानं माजं पाय धरलं हुतं. सासऱ्यानं जावयाचं पाय धरायचं, आन् मी न्हाय म्हनायचं? मी दिल्यालं दान हाय त्ये. त्ये परत मागतीस?”

“दान तुमी दिलंसा,” ती म्हणाली. “मला इचारलंतं? तीन वरसं तुमी तारखंला जात हुतासा, डबा मी बांधत हुते. कोर्टानं ताकीद देऊन सोडलं, पर गावानं सोडलं काय? पोलीस पाटलाची जागा निघाली. सगळा गाव तुमच्या मागं. आन् तुमच्या नावावर केस म्हणून गेली ती. माज्या सुनंच्या म्हायेरात ‘बंदूकवालं पावणं’ म्हणत्यात तुमास्नी. तुमी हसतायसा. माज्याच्यानं न्हाय हसवत. आन् आज ह्या पोरीच्या त्वांडातनं तीच गोष्ट. हिचा काय दोष? आमीच शिकीवली.”

केरबांच्या अंतःकरणात काहीतरी हलले. अठरा वर्षे त्यांनी तो त्याग स्वतःच्या एकांतात एखाद्या दागिन्यासारखा जपला होता. आपण मोठे मन दाखवले, या जाणिवेने बोटांचे दुःख त्यांना सुसह्य झाले होते. त्या त्यागाची किंमत दुसऱ्याच कोणी रोज चुकवत आले आहे, हे त्यांच्या कधी ध्यानात आले नव्हते. त्यांनी पत्नीकडे पाहिले. मग लपवलेला डावा हात काढून उघडा मेजावर ठेवला.

“मी काय बोलत न्हाय आता,” ते म्हणाले. “तू म्हनशील तसं.”

“मग तुला काय पायजे, आक्का?” पिराजीने विचारले. “बंदूक नगं म्हन, मी आत्ता अर्ज फाडतो. खरं सांगतो. गवं बगून घीन मी.”

“बंदुकीचं माजं काय न्हाय. ठेव, न्हाय तर टाक. तू रानात ऱ्हातोस, तुला गरज असंल. मी आडकाठी कराया आले न्हाय. पर माजी सही ज्या कागदाच्या खाली जाईल, त्यावर खरं असलं पायजे. ह्या घराला बंदुकीचा परवाना ह्यांच्या नावाच्या खोट्यावर टिकला हुता. फुडचा मी तसा मिळू देणार न्हाय.”

“म्हणजे अर्जाबरोबर सगळं लिहून द्यायचं?” विश्वजितचा आवाज कोरडा झाला. “आक्का, समजून घे. तसं लिहिलं तर परवाना बहुतेक नाकारतील. आणि खोटा जबाब तयार केला म्हणून मलाही विचारतील. पुढच्या महिन्यात शाळेच्या सुवर्णमहोत्सवात माझा सत्कार आहे.”

“दादा,” पिराजी म्हणाला, आणि त्याच्या स्वरात प्रथमच थोरल्याला दटावण्याचे बळ आले, “मगाशी तूच म्हनत हुतास न्हवं? सरकार कारण बगून परवानगी देतंय, योग्यच हाय म्हणून. मग सरकारला खरं कारण बगू दे की! मला नाकारलं तर नाकारलं. पन मी भरला हुता बार. दाजीस्नी बोटं न्हाईत, आन् मी परवाना मागतोय सफाईनं, जसं काय आमच्या घरात कवा काय झालंच न्हाय. ह्ये मला बी टोचतंय. खंडेनवमी आली की मी दाजींच्या पानात वाढायला जात न्हाय, ह्ये कुणाच्या ध्येनात आलंय?”

“माज्या आलंय,” केरबा म्हणाले.

कोपऱ्यातील खुर्चीत इतका वेळ निश्चल बसलेल्या बायडाबाई तेव्हा बोलल्या. पंच्याऐंशी वर्षांच्या त्या माउलीने नवऱ्याचा शब्द कधी मोडला नव्हता, आणि आज त्याच्याच श्राद्धदिनी ती त्याच्याविषयी निर्णय देणार होती.

“तुमचा आबा मानूस चांगला हुता,” त्या म्हणाल्या. “पर त्या दिशी भ्याला. मी बगितलंय. जाईस्तवर त्या जावयाम्होरं मान वर करून बसला न्हाय. मरायच्या आदी मला म्हनला, बायडे, ह्यो एक गुंता तसाच ऱ्हायला. मला वाटलं, जमिनीचं बोलतोय. इश्वजित, घे कागद.”

“आई...”

“घे म्हनते न्हवं. तवा बापाचं ऐकून लिवलंस. आता आईचं ऐकून लिव.”

विश्वजित उठला. कपाटातून कोरे ताव आणले. बसताना त्याने बहिणीकडे पाहिले आणि तिच्या शेजारची खुर्ची मोकळी होती ती ओढून घेतली. मग तो लिहू लागला, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागला.

“‘सदर दिवशी घरातील प्रथेनुसार बंदुकीत काडतुसे भरली गेली होती...’”

“आपोआप भरली गेली व्हय ती?” तानाबाई म्हणाली. “पाऊस पडल्यावर हीर भरती, तशी?”

पिराजीला हसू आवरले नाही. “लिव दादा, पिराजीनं भरली. आबाच्या सांगन्यावरनं. पूर्ण नाव लिव.”

विश्वजितने ओळ खोडली आणि नव्याने लिहिली. “‘माझे मेहुणे केरबा यांना बंदूक भरलेली असल्याची कल्पना नव्हती. ती त्यांच्या हाती मान म्हणून देण्यात आली. त्यांच्या नावाने दिलेला पूर्वीचा जबाब सत्य नव्हता, तो...’” येथे तो थांबला. लेखणी कागदावर टेकलेली राहिली. मग त्याने वाक्य पुरे केले, “‘...तो मी, विश्वजित, याने स्वहस्ते लिहिला.’” आणि वर पाहून म्हणाला, “सत्काराला पाहुणे म्हणून दुसऱ्या कुणाला तरी बोलवतील. शाळेला माणसांची काय कमी.”

“मी येते तुमच्याबरोबर, पप्पा,” अनुजा म्हणाली. “बुधवारी कचेरीत. आणि रेंजवर पण मला सगळ्या पोरींना परत बसवायला लागणार. मामा, तुम्ही याल का? तुमच्याच तोंडून ऐकू देत.”

“मी?” केरबा संकोचले. “पोरीस्नी काय सांगू मी?”

“जसं झालं तसं.”

“येतो,” ते म्हणाले. “पर चा झकास पायजे. ह्यो हितला पार गार झाला.”

त्यानंतर विश्वजितने आणखी एक परिच्छेद लिहिला. तो मात्र पिराजीने सांगितला आणि अनुजाने जागोजागी दुरुस्त केला. यापुढे या घरात शस्त्राची पूजा झाली तर ते उघडून, दोन्ही नळ्या रिकाम्या दाखवून होईल. शिवेवर हवेत बार काढण्याची प्रथा बंद. बंदूक कुलुपात, काडतुसे वेगळ्या कुलुपात. ‘एवढे सर्व जाणून शासन जो निर्णय देईल तो आम्हांस मान्य राहील. परवाना नाकारल्यास आमची तक्रार असणार नाही.’

“ह्ये शेवटचं जरा जड जातंय,” पिराजी म्हणाला, आणि डोके खाजवले. “पर ऱ्हाऊ दे. खरं हाय.”

“बंदूक न्हाय आली तर?” तानाबाईने आईला विचारले.

“तर कोयता पुजायचा,” बायडाबाई म्हणाल्या. “कोयत्यानं ह्या घराला पोसलंय. बंदुकीनं काय दिलं, सांग बगू?”

दोन्ही कागद तयार झाले. पिराजीने पेन बहिणीपुढे धरले. तिने ते घेतले आणि नवऱ्याकडे दिले.

“दाजींची सही लागत न्हाय, आक्का. ते वारस न्हाईत.”

“साक्षीदार तरी लागत्यात न्हवं? मग पयली ह्यांची.”

केरबांनी तीन बोटांच्या हाताने कागद दाबून धरला आणि उजव्या हाताने आपले नाव लिहिले. सावकाश, एकही काना न विसरता. त्यांच्या खाली तानाबाईने सही केली. मग विश्वजितने, मग शाईच्या डबीत बोट बुडवून बायडाबाईंनी अंगठा उमटवला. पिराजीने शेवटी, अर्जदार म्हणून.

सही करून तो उठला, आणि कोणाला काही कळण्यापूर्वी केरबांच्या पायांशी वाकला. केरबांनी त्याला दंडाला धरून उभे केले. “आरं, आरं! एकाच घरातल्या दोगांनी माजं पाय धरायचं म्हंजे काय? लोक म्हनतील, ह्यो जावई देव झाला,” ते म्हणाले. तानाबाईने डोळ्यांना पदर लावला. मग तोच पदर पुढे करून तिने विश्वजितच्या बोटाला लागलेली शाई पुसली.

बायडाबाईंनी एकेकाला जवळ बोलावले आणि एकेकाच्या मस्तकावर हात ठेवला. त्यांचे ओठ हलत होते. बुधवारी कचेरीत काय निर्णय होईल हे त्या घरात कोणालाही ठाऊक नव्हते, आणि त्या घटकेला कोणाला त्याची चिंताही उरली नव्हती. ज्यांनी सत्याला उशिरा का होईना घरात बोलावले, त्यांच्या दाराशी भय कधी न येवो. आणि ज्याच्या हाती शस्त्र असेल वा नसेल, त्याचा हात सदैव शांत राहो.